बंद केलेला असला पाहिजे

६ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

मायना दोनच शब्दांचा आहे म्हणून लगेच लाल शाई काढू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मामी मोठ्याने सांगते. हे मामीला कळायला नकोय. म्हणून पत्र.

आमच्याकडे अपघात झाला. उस्ताद, म्हणजे ज्यांनी मला लिफ्टचं काम शिकवलं, ज्यांच्या गोष्टी सांगून मी तुमचं डोकं खाते तेच, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरले होते आणि वरून लिफ्ट आली. कोपऱ्यात अंग चोरून बसले म्हणून जीव वाचला. डावं पाऊल केबिनच्या पत्र्याखाली सापडलं. ते राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

आता पुढचं नीट वाचा. त्या दिवशी सकाळची पाळी माझी होती. दोन नंबरच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याने तिथलं स्टॉपचं बटण मेलं होतं. म्हणजे खाली उतरायचं तर आठ मजले चढून, मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करायचा, एवढा एकच उपाय. माझी वेळ संपली होती. मी पुढच्या पाळीसाठी रजिस्टरमध्ये लिहून निघाले. आमचं रजिस्टर इंग्रजीत. लिहिणारे मराठी, वाचणारे मराठी, पण नियम म्हणजे नियम. मी लिहिलं: "वॉटर इन पिट. स्टॉप बटन नॉट वर्किंग. मेन स्विच मस्ट हॅव बीन टर्न्ड ऑफ."

मला म्हणायचं होतं, मेन स्विच बंद केलेला असला पाहिजे. जो उतरेल त्याने आधी बंद करावा, मग उतरावं. उस्तादांनी ते वाचलं आणि वर न जाता सरळ खड्ड्यात उतरले. लोक वाकून बघत होते, कुणी पडायला नको म्हणून त्यांनी दार मागे ओढून घेतलं. दार लागलं की लिफ्ट चालते. कुणीतरी बटण दाबलं.

सुपरवायझर म्हणतो, "तू लिहिलंस की स्विच बंद आहे." मी म्हणते, मी लिहिलं की बंद करा. २७ तारखेला चौकशी आहे, त्यासाठी मुख्य कार्यालयातून एक बाई येणार आहेत. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर माझं लायसन गेलंच समजा. सहा वर्षं घासून मिळवलेलं लायसन, मामा. या शहरात लिफ्टच्या खोलीची किल्ली हातात असलेली मी एकटी बाई आहे.

ते वाक्य तुमच्याकडूनच शिकले. तो हुकूम आहे ना? लवकर कळवा. दोन दिवस घशाखाली घास उतरत नाहीये.

तुमची,
खुटखुट


११ फेब्रुवारी

प्रिय खुटखुट,

पत्र मिळालं. अक्षर सुधार. "नमस्कार" मधला अर्धा स इतका अर्धा काढलास की दिसेनासाच झाला.

आता मुद्दा. घाबरायचं काही कारण नाही. मी वर्गात काय सांगायचो? टर्न हे शेपूटवालं क्रियापद. नुसतं असेल तर वळणं. ऑफचं शेपूट लागलं की बंद करणं, अपचं लागलं की उगवणं, डाउनचं लागलं की नकार देणं. कुत्रं तेच, शेपूट बदललं की वेगळं भुंकतं. आणि त्याच्या पुढे चालतो तो मस्ट. मस्ट म्हणजे कोतवाल. कोतवाल आला की "पाहिजे". मागे हॅव असो, बीन असो, आणखी कुणी असो, मस्ट तो मस्टच. तू लिहिलंस तो हुकूम आहे. वाचणाऱ्याला तो कळला नाही यात तुझा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं!

सोबत माझं मत इंग्रजीत लिहून, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवल्याच्या दाखल्यासह, सहीनिशी पाठवतो आहे. सुपरवायझरच्या साहेबाकडे दे. तो सुपरवायझर कोण लागून गेला मला व्याकरण शिकवणारा!

मामीला काही सांगितलेलं नाही. तू जेवत जा.

मामा

ता. क. तू नोकरीला निघालीस तेव्हा मी वाक्यांची एक वही लिहून दिली होती, ती अजून आहे का? असेल तर घरीच असू दे. चौकशीला नेऊ नकोस. उगाच कागदांची गर्दी कशाला?


१५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून आधी पोटभर जेवले. मग दुसऱ्या दिवशी जे झालं ते लिहिते. मला राग आलाय की भीती वाटतेय ते अजून ठरत नाहीये.

तुमचं मत घेऊन मी मोठ्या साहेबांकडे गेले. दारातल्या बाईला विचारलं, साहेब आहेत का? तिने आत डोकावून पाहिलं. खुर्ची रिकामी, कोट जागेवर नाही. म्हणाली, "ही मस्ट हॅव स्टेप्ड आउट." मी पाकीट तिच्या हातात दिलं आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर पाय थांबले. साहेबाने बाहेर गेलंच पाहिजे असा हुकूम ती बाई कुणाला देत होती? ती तर अंदाज करत होती. गेले असणार, एवढंच.

मग मी दिवसभर कान उघडे ठेवले. लिफ्टवाल्याला लोक भिंत समजतात, समोर काहीही बोलतात. एकजण मेलेला फोन हलवत म्हणाला, "बॅटरी मस्ट हॅव रन आउट." दोघी कुणाच्या तरी सासूबद्दल हसत होत्या, "शी मस्ट हॅव डोझ्ड ऑफ." सासूला डुलकी काढायचा हुकूम? आणि एक कारकून दुसऱ्यावर डाफरला, "यू मस्ट फिल इन द फॉर्म." हा मात्र हुकूम, पण यात हॅव नाही. शेपट्या सगळीकडे आहेत, मामा, स्टेप्ड आउट, रन आउट, डोझ्ड ऑफ. पण हॅव आला की तुमचा कोतवाल काठी टाकून नुसता तर्क लढवत बसतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. सुपरवायझर माझ्या आधी तिथे जाऊन आला होता. उस्तादांना म्हणाला, बाईच्या मामाने लेखी दिलंय, मोठे मास्तर आहेत, तुम्हीच चुकीचं वाचलंत. हा सुपरवायझर कालपर्यंत मला दोष देत होता, आता कागद हातात आला तशी टोपी फिरवली. कुणाची तरी चूक सापडली म्हणजे त्याला पुरे.

उस्ताद माझ्यावर चिडलेच नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी आपला अक्षराला अक्षर जोडून वाचणारा माणूस. चाळिशीत शिकलो. मला वाटलं, पोरीने लिहिलंय, म्हणजे बंद केला असणार. गुडघ्याने आठ मजले चढवत नाहीत गं. वाचायला चुकलो. मास्तर म्हणतायत म्हणजे चुकलोच असणार." २७ तारखेला ते तसं लिहून सही करणार आहेत. आणि सही केली की काय होतं ते नर्सने सांगितलं. स्वतःच्या चुकीने जखमी झाला असा शेरा पडला की उपचार कंपनीचे नाहीत आणि नोकरीही नाही. अजून दोन ऑपरेशनं बाकी आहेत.

म्हणजे माझं लायसन आणि उस्तादांचा पाय एका वाक्याच्या दोन टोकांना बांधलेत. हुकूम असेल तर मी वाचते. अंदाज असेल तर ते.

मामा, एका शब्दात लिहा. हुकूम की अंदाज?

खुटखुट


१९ फेब्रुवारी

प्रिय खुटखुट,

इकडे पाण्याची टाकी गळते आहे. प्लंबर आज येतो म्हणाला, उद्या येतो म्हणाला, त्याचा आज-उद्या काही संपत नाही. मामीचा चष्मा मोडला. ती तो दोऱ्याने बांधून वापरते आणि माझ्याकडे असं बघते की मीच मोडला.

तुझ्या प्रश्नाबद्दल. भाषा इतकी सरळ नसते. लिफ्टमधले लोक आणि दारातली बाई म्हणजे काही व्याकरणाचे अधिकारी नव्हेत. संदर्भ बघावा लागतो. काही ठिकाणी असंही चालतं, काही ठिकाणी तसंही. आणि मी एकदा लेखी मत दिलं आहे, ते काही शेंगदाण्याच्या पुडीवर लिहिलेलं नाही.

शिवाय तो उस्ताद स्वतःच मान्य करतो आहे ना? नियम असा की उतरणाऱ्याने स्वतः वर जाऊन बघायचं, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. मग? तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, घरातल्या घड्याळाचे तीन स्क्रू काढून मुठीत धरून बसली होतीस. तेव्हापासून मी तुला वाढवलं, ते कुणाच्या गुडघेदुखीपायी तुझं लायसन जावं म्हणून नाही. गप्प बस. २७ तारीख जाऊ दे.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

एक शब्द मागितला होता. टाकी आली, चष्मा आला, माझी आईसुद्धा आली. तो शब्द तेवढा आला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

वही काढली. तुम्ही नेऊ नकोस म्हणालात म्हणूनच काढली. पान नऊ, वर तुमच्या अक्षरात "हुकूम", खाली दोन रेघा. एकवीस, "यू मस्ट टर्न अप ऑन टाइम", वेळेवर उगवलंच पाहिजे. तेवीस, "यू मस्ट नॉट पुट इट ऑफ", पुढे ढकलायचं नाही. आणि त्या दोघांच्या मध्ये बावीस: "द स्विच मस्ट हॅव बीन टर्न्ड ऑफ", स्विच बंद केलेला असला पाहिजे.

रजिस्टर लिहिताना मला हेच पान आठवलं होतं. अक्षरन् अक्षर. मला अभिमान वाटला होता, की बघा, नुसतं टर्न ऑफ नाही, केवढं लांबलचक शुद्ध वाक्य लिहिलं मी.

खरं सांगते, मला लायसन हवंय. उगाच मोठेपणाचा आव आणणार नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मी २७ तारखेला गप्प बसेन. उस्ताद सही करतील, मी वाचेन, आणि जन्मभर त्यांच्या पायाकडे बघताना तुम्हाला दोष देईन. तेही मला नकोय.

खुटखुट


२४ फेब्रुवारी
(कुरिअरने)

अंदाज.

एका शब्दात मागितलं होतंस. खाली जे आहे ते त्याचं स्पष्टीकरण. त्याचे गुण नाहीत.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तिसऱ्यांदा वाचून नाही, पहिल्यांदाच. त्या वहीची एक प्रत माझ्याकडे आहे. कपाट उघडून नववं पान काढलं आणि बावीस नंबरवर बोट ठेवलं. तू निघायच्या आदल्या दिवशी घाईत लिहिलं होतं. बावीस नंबर दहाव्या पानावर, "अंदाज" या मथळ्याखाली जायचा होता. माझ्या हातून एक पान आधी उतरला. आणि तपासताना माझ्या मराठीनेच मला फसवलं. "बंद केलेला असला पाहिजे." हुकूम करायचा तरी आपण असंच म्हणतो, अंदाज करायचा तरी असंच. मला चूक दिसलीच नाही. तुला तरी कशी दिसणार?

ही झाली चूक. चूक माणसाकडून होते. पण ११ तारखेला मी केलं ती चूक नव्हे, तो खोटेपणा. मला सगळं माहीत असताना मी सही केली. वर तो कोण कुठला उस्ताद, त्याला वाचता येत नाही म्हणून त्याची टिंगल केली. अंगण वाकडं म्हणालो. एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, आणि स्वतःच्या वहीवर एक मारायची वेळ आली तर हात आखडला. तुला वाचवायचं होतं हे खरं. पण त्याच्या आड मला माझी अब्रूही वाचवायची होती, हेही लिहितो.

मामीला काल सगळं सांगितलं. तिने तुझी पत्रं वाचून खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "त्या माणसाचा पाय जायची वेळ आली आणि तुम्ही प्लंबरवर लिहिता?" तेव्हापासून बोललेली नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे. माझं आधीचं मत खोटं होतं, ते मी मागे घेतो, उस्तादांनी लावलेला अर्थच बरोबर, असं त्यात इंग्रजीत आणि मराठीत लिहिलं आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. द्यायचं की नाही ते तू ठरव. फाडून टाकलंस तर मी कधी विचारणार नाही. लायसन तुझं आहे, ते घालव असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

मामा


१ मार्च

मामा,

दिलं.

शूर वगैरे काही नव्हते मी. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर पाकीट हातात घेऊन बसले होते, त्याची कड घामाने ओली झाली होती. आत बोलावलं तेव्हा उस्ताद चाकाच्या खुर्चीत, मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात पेन. सुपरवायझर त्यांना बोटाने जागा दाखवत होता, "इथे. इथे करा सही."

चौकशीवाल्या बाई बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत. याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "मेन स्विच कुणीतरी बंद केला असणार, असा. उस्तादांनी वाचलं ते बरोबर आहे. मी लिहिलं ते चूक आहे." आणि वही आणि तुमचं पाकीट टेबलावर ठेवलं.

उस्तादांनी पेन खाली ठेवलं. "थांब," म्हणाले. "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?" मी हो म्हटलं. परत विचारलं, "मी बरोबर वाचलं होतं?" मग बाईंकडे वळून, "बाई, मी बरोबर वाचलं होतं?" बाईंनी तुमचं पत्र पूर्ण वाचलं आणि हो म्हणाल्या. आणि मामा, ज्या माणसाने पत्र्याखालून पाय काढताना हूं की चूं केलं नाही, तो सगळ्यांसमोर ओंजळीत तोंड घालून रडला. दोन आठवडे त्यांना पायापेक्षा हेच खात होतं, की चाळिशीत एवढं मर मर मरून शिकलो आणि वेळ आली तेव्हा वाचायला चुकलो. हे आपण दोघांनी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. मी आणि तुम्ही.

निकाल असा. माझं लायसन वर्षभरासाठी बंद. तोवर मी स्टोअरमध्ये, लिफ्टचे सुटे भाग शोधून द्यायला. खोलीची किल्ली परत केली. ती देताना रडले, लपवत नाही. उस्तादांनी वर जाऊन बघायला हवं होतं हे बाईंनी त्यांच्याही नावावर लिहिलं, पण दोष मुख्यतः चुकीच्या सूचनेचा. उपचार सगळे कंपनीचे आणि नोकरी कायम. पाऊल राहिलं, तीन बोटं गेली. आणि रजिस्टर आता मराठीत लिहायला परवानगी मिळाली आहे. पण बाईंनी अट घातली, की त्यात "असला पाहिजे" चालणार नाही. "मी बंद केला" किंवा "मी बंद केलेला नाही", पुढे सही आणि वेळ.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाईल. मामी बोलायला लागली का ते कळवा.

सोबत एक कागद आहे, तो उस्तादांचा. काल दवाखान्यात त्यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहिला, एकदा खोडला, परत लिहिला. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठीत "मेन स्विच बंद केला असणार." मग मला म्हणाले, "तुझे मास्तर तपासून देतील का गं?" मी म्हटलं, विचारते.

खुटखुट


५ मार्च

उस्ताद यांस,

नमस्कार. तुमचा कागद मिळाला. खरं तर मी स्वतः यायला हवं, आणि येणार आहे. रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि ही, दोघं निघतो आहोत. मला कमी ऐकू येतं, तेव्हा जे काही बोलायचं असेल ते मोठ्याने बोला. मी ऐकून घेईन.

त्याआधी कागद परत पाठवतो, कारण तपासलेली वही विद्यार्थ्याला वेळेवर मिळावी असा माझा नियम होता. वाक्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली आहे. दहापैकी दहा. अक्षर माझ्या भाचीपेक्षा पुष्कळ चांगलं आहे.

खाली शेरा लिहायची जुनी सवय आहे, तोही लिहिला आहे. अक्षर थोडं हललं आहे, म्हणून इथे पुन्हा लिहितो:

उत्तर बरोबर. चूक तपासणाऱ्याची.

खुटखुटचा मामा